विमानतळांची स्पर्धा : धावपट्टीवरील मिनिटे, इंधनावरील कर आणि मालाची रांग

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. मुंबई महानगराच्या प्रवाशांसाठी दुसरा विमानतळ खुला होण्यास अनेक वर्षे लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी आणि ५ लाख टन माल, तर सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी प्रवासी आणि साडेबत्तीस लाख टन माल, अशी त्याची नियोजित क्षमता आहे. सांताक्रूझ येथील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नवी मुंबईचा विमानतळ या दोन्हींचे नियंत्रण अदानी समूहाकडे आहे. दोन्ही ठिकाणी समूहाचा वाटा ७४ टक्के असून उर्वरित २६ टक्के मुंबईत भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, तर नवी मुंबईत सिडकोकडे आहेत. एकाच मालकाचे दोन विमानतळ परस्परांचे ग्राहक ओढणार नाहीत, हे उघड आहे. मग देशातील विमानतळांमध्ये जी चुरस असल्याचे सांगितले जाते ती नेमकी कोणाची कोणाशी, आणि ती जिंकली वा हरली जाते ती कशावर, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

सामान्य समज असा की, विमानतळाची स्पर्धा प्रवाशासाठी असते. भव्य टर्मिनल, दुकाने आणि विश्रांतिकक्ष पाहून प्रवासी विमानतळ निवडतो. प्रत्यक्षात पुण्याचा प्रवासी पुण्याहूनच निघतो आणि इंदूरचा इंदूरहून. विमानतळ आकर्षित करतो तो विमान कंपनीला. कंपनीने आपली विमाने रात्रीच्या मुक्कामासाठी कोठे ठेवायची, एका विमानातून दुसऱ्या विमानात जाणाऱ्या प्रवाशांची गाठ कोठे घालायची आणि परदेशी जाणारे मोठे विमान कोणत्या शहरातून उडवायचे, हे तीन निर्णय ज्या विमानतळाच्या बाजूने होतात तो वाढतो. प्रवासी त्यामागून येतो, आणि माल प्रवाशाच्याही मागून.

मुंबईने पहिला क्रमांक कसा गमावला

प्रवासीसंख्येत मुंबई दीर्घकाळ देशात पहिली होती. २००९ पासून हे स्थान दिल्लीकडे आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरून सुमारे ७ कोटी ९० लाख, मुंबईतून सुमारे ५ कोटी ५० लाख, बेंगळुरूतून ४ कोटी २० लाखांच्या आसपास आणि हैदराबादमधून २ कोटी ९० लाखांहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. मालवाहतुकीतही २०१५ च्या अखेरीपासून दिल्लीने मुंबईला मागे टाकले.

या उलथापालथीचे स्पष्टीकरण मुंबईच्या व्यापारी महत्त्वाच्या ऱ्हासात शोधण्याचा मोह होतो. खरे कारण जमिनीवर आखलेले आहे. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी त्यांपैकी एकच वापरता येते. विमानतळाच्या भोवती झोपडपट्ट्या आणि इमारती असून विस्ताराला जागा नाही. तरीही येथे ताशी ४६ उड्डाणे व अवतरणे हाताळली जात होती आणि दिवसाला हजारावर विमानांची ये-जा झाल्याचे दिवसही नोंदले गेले आहेत. एका धावपट्टीवर एवढी वाहतूक हाताळणारी विमानतळे जगात फार थोडी. या कौशल्याची किंमत मात्र प्रवाशांना आकाशात घिरट्या घालून मोजावी लागत होती. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांत ही संख्या ४६ वरून ४४ पर्यंत आणि इतर वेळी ४४ वरून ४२ पर्यंत खाली आणण्याचे निर्देश दिले. मागणी वाढत असताना पुरवठा कमी करण्याची वेळ देशाच्या आर्थिक राजधानीवर आली.

दिल्लीची स्थिती याच्या उलट. तेथे ५ हजार एकरांहून अधिक जमीन आहे. २००८ मध्ये तिसरी आणि २०२३ मध्ये चौथी धावपट्टी सुरू झाली. दरम्यान २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर तिसरे टर्मिनल उभे राहिले. मुंबईचे नवे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले. त्यातील कलासंग्रहाची आणि मोरपिसाच्या आकृतिबंधाच्या छताची वाखाणणी झाली, ती योग्यच होती. पण त्यामुळे धावपट्टीवरील एक मिनिटही वाढले नाही.

गर्दीच्या विमानतळावर ठरावीक वेळी उतरण्या-उडण्याची परवानगी, म्हणजे स्लॉट, ही कंपनीची सर्वात मौल्यवान मालमत्ता असते. उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन वेळापत्रकांसाठी स्लॉटांचे वाटप होते आणि मिळालेल्या स्लॉटपैकी किमान ८० टक्के वापरले नाहीत तर पुढील हंगामात ते हातचे जातात. जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अखेरचे उडाले, तेव्हा तिच्या विमानांपेक्षाही मुंबई आणि दिल्लीतील मोकळ्या झालेल्या स्लॉटांसाठी इतर कंपन्यांची अधिक धावपळ झाली होती. ज्या शहरात नवा स्लॉटच शिल्लक नाही, तेथे नवी कंपनी किंवा नवा मार्ग येणार कोठून? नवी मुंबईचा पहिला उपयोग हाच, की त्याने महानगराला पुन्हा वेळ देऊ केली आहे.

विमानतळ पैसा कशातून मिळवतो

२००६ मध्ये दिल्ली विमानतळ जीएमआर आणि मुंबई विमानतळ जीव्हीके यांच्या नेतृत्वाखालील कंपन्यांकडे सोपवण्यात आला. (मुंबईची मालकी २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेली.) निवडीचा निकष होता, एकूण उत्पन्नातील किती हिस्सा सरकारी प्राधिकरणाला देणार, हा. दिल्लीसाठी ४५.९९ टक्के आणि मुंबईसाठी ३८.७ टक्के अशा बोली ठरल्या. रुपयातील जवळपास निम्मा भाग आधीच देऊन टाकल्यावर उरलेल्यात टर्मिनल बांधायचे, चालवायचे आणि नफाही मिळवायचा, असे हे गणित होते. याउलट २००८ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या बेंगळुरू आणि हैदराबाद विमानतळांसाठी हा हिस्सा केवळ ४ टक्के होता. दक्षिणेकडील या दोन विमानतळांच्या वाढीची चर्चा होते तेव्हा माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा उल्लेख हमखास होतो; ४ आणि ४५.९९ मधील अंतराचा फारसा होत नाही.

विमानतळाचे उत्पन्न दोन प्रकारचे. विमान उतरवण्याचे, उभे करण्याचे शुल्क आणि तिकिटातून वसूल होणारे वापरकर्ता विकास शुल्क हे पहिल्या प्रकारात मोडते आणि ते विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. दुकाने, करमुक्त मद्य, जाहिरातफलक, वाहनतळ आणि जमिनीचे भाडे हे दुसऱ्या प्रकारात येते व त्यावर दरनियंत्रण नाही. या दुसऱ्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमान शुल्क कमी ठेवण्यासाठी वापरावा, असे सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक धोरणाने मान्य केले. उरलेले ७० टक्के चालकाचे. सुरक्षा तपासणी संपताच प्रवाशाला थेट दारापर्यंत न नेता अत्तरे आणि चॉकलेटांच्या दुकानांतून वळसा घालून नेणाऱ्या मार्गिकेचा उगम या सूत्रात आहे.

२०१९ मध्ये अहमदाबाद, जयपूर, लखनौ, तिरुवनंतपुरम, मंगळुरू आणि गुवाहाटी हे सहा विमानतळ खासगी हाती देताना सरकारने निकष बदलला. उत्पन्नाच्या हिश्शाऐवजी प्रत्येक प्रवाशामागे किती रुपये देणार, असे विचारण्यात आले. अहमदाबादसाठी १७७ रुपयांची बोली सर्वोच्च ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीजवळच्या जेवर येथील नियोजित विमानतळासाठी झ्युरिक विमानतळाच्या कंपनीने प्रतिप्रवासी ४००.९७ रुपयांची बोली लावली, तेव्हा भावी प्रवासीसंख्येवर कोणाचा किती विश्वास आहे याचे ते मोजमापच ठरले. या पद्धतीत एक बारकावा आहे. शुल्क प्रवाशामागे असल्याने प्रवासी कमी आले तर देणेही कमी होते. मात्र मालासाठी अशी बोली नसते. माल हा या कंत्राटांच्या भाषेत दुय्यम विषय राहिला. दिल्ली-मुंबईच्या २००६ च्या करारांत तर मालहाताळणीची गणना दुकाने व वाहनतळांच्या पंक्तीत, बिगर-विमान उत्पन्नात करण्यात आली होती, तर नंतरच्या २००८ च्या नियामक कायद्याने तिला विमानसेवेचा भाग मानले.

खरा प्रतिस्पर्धी समुद्रापलीकडे

नागपूरच्या एखाद्या कुटुंबाला लंडनला जायचे आहे, असे समजू. मुंबई किंवा दिल्ली गाठून तेथून थेट विमान पकडणे हा एक मार्ग. नागपूरहूनच दोहाला जाणाऱ्या विमानात बसून तेथे विमान बदलणे हा दुसरा, आणि सामान एकदाच द्यावे लागत असल्याने अनेकांना तो सोयीचा वाटतो. या प्रवाशाने दुसरा मार्ग निवडला की मुंबई हरली असे नाही आणि दिल्ली हरली असेही नाही, दोन्ही हरल्या.

ही पद्धत सर्वाधिक यशस्वीपणे राबवली ती दुबईने. एमिरेट्सने ऑक्टोबर १९८५ मध्ये सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्या गंतव्यस्थानांत कराची आणि मुंबई होती. २०२४ मध्ये दुबई आंतरराष्ट्रीय विमानतळाने ९ कोटी २३ लाख प्रवासी हाताळले. त्यांतील १ कोटी २० लाख भारताशी संबंधित होते आणि कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा होता. भारत आणि दुबई यांच्यातील द्विपक्षीय करारानुसार प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांचा हक्क आहे. तो वाढवावा ही दुबईची मागणी जुनी असून, भारतीय कंपन्यांना आणि विमानतळांना स्वतःचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्यासाठी अवधी मिळावा म्हणून भारत ती मान्य करण्यास राजी नाही. आखाती देशांत काम करणाऱ्या केरळी, तेलुगू, उत्तर भारतीय किंवा कोकणी कामगाराला मात्र या संरक्षणाची किंमत सणासुदीच्या वाढीव भाड्यातून मोजावी लागते. केंद्र उभारण्याच्या धोरणाची चर्चा होताना ही बाजू सहसा एका वाक्यात उरकली जाते.

टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली आणि पुढील वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमाने मागवली. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमसाठी थेट सेवा सुरू केली. विमाने येत आहेत. ती कोठे ठेवायची, यावर दिल्ली, मुंबई आणि बेंगळुरू यांचे भवितव्य ठरेल.

भूगोलाचे फायदेही कायमचे नसतात. युरोप आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांसाठी दिल्लीचे स्थान अनुकूल मानले जाते. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. उड्डाणे लांबली, इंधनखर्च वाढला. एअर इंडियाने सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या टंचाईबरोबर हेही एक कारण होते.

इंधनावरील करही असाच निर्णायक. भारतात कंपनीच्या एकूण खर्चाचा एकतृतीयांशाहून मोठा भाग इंधनाचा असतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यावरील मूल्यवर्धित कर प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. दिल्लीत तो २५ टक्के, तर उत्तर प्रदेशात १ टक्का. दिल्लीजवळ, पण उत्तर प्रदेशाच्या हद्दीत उभारलेल्या जेवर विमानतळाचे सर्वात प्रभावी विपणन हा एक आकडा करतो. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड या जिल्ह्यांपुरता हा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. रायगडच्या समावेशाचे तेव्हा फारसे कोणाला अप्रूप वाटले नसेल. नवी मुंबई विमानतळ रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे.

शेजारचा विमानतळ

एकाच प्रदेशात दोन विमानतळ आणि दोन वेगळे चालक असले तर काय होते, याचे सर्वात स्पष्ट उदाहरण गोव्यात आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ; तेथील नागरी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते आणि नौदलाच्या सरावासाठी ठरावीक वेळ प्रवासी विमानांना बंद असतो. उत्तर गोव्यातील मोपा येथे जीएमआरने उभारलेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो चोवीस तास खुला असतो, आणि त्याच्या उत्पन्नातील ३६.९९ टक्के वाटा राज्य सरकारला मिळणार असे करारात आहे. जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने आपली सेवा दाबोळीहून मोप्याला हलवली आणि दक्षिण गोव्यातील हॉटेल व टॅक्सी व्यावसायिकांत अस्वस्थता पसरली. दाबोळी बंद होणार नाही, अशी ग्वाही सरकारला वारंवार द्यावी लागली. विमानतळ बंद पडतो तो आदेशाने नव्हे. कंपन्या एकेक करून निघून गेल्या की तो आपोआप ओस पडतो, ही मडगाव-वास्कोकडील लोकांची भीती अवास्तव म्हणता येत नाही. सिंधुदुर्ग आणि बेळगाव परिसरातील प्रवाशांना मात्र मोपा जवळचा पडला.

अशी चुरस होऊच नये म्हणून बेंगळुरू आणि हैदराबादच्या करारांत एक कलम घालण्यात आले होते. या विमानतळांपासून १५० किलोमीटरच्या परिघात २५ वर्षे दुसरा विमानतळ उभारायचा नाही, आणि शहरातील जुने एचएएल व बेगमपेट विमानतळ नियमित प्रवासी वाहतुकीस बंद करायचे. गुंतवणूकदाराला खात्री हवी होती, ती मिळाली. बेंगळुरूसाठी ही मुदत २०३३ मध्ये संपते. कर्नाटक दुसऱ्या विमानतळासाठी जागा शोधत असतानाच, जून २०२४ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी बेंगळुरूला लागून असलेल्या होसूर येथे वर्षाला ३ कोटी प्रवासी क्षमतेच्या विमानतळाची घोषणा केली. शहर एका राज्याचे, विमानतळ दुसऱ्याचा, असा हा प्रकार दिल्ली-जेवरनंतर दक्षिणेतही घडू शकतो.

माल : रांगेत शेवटचा

हवाई मार्गाने जाणारा माल जगाच्या व्यापारात आकारमानाने १ टक्क्याहूनही कमी, पण मूल्याने सुमारे ३५ टक्के भरतो. औषधे, मोबाइल संच, यंत्रांचे सुटे भाग, हिरे, फुले, लसी असा हा माल आहे. हलका, महाग किंवा नाशवंत. नाशिकची द्राक्षे युरोपला जातात, पण ती मुख्यतः शीतकंटेनरमधून जहाजाने. द्राक्ष तीन-चार आठवडे टिकते आणि विमानाचे भाडे त्याला परवडत नाही. प्रत्येक तालुक्याच्या शेतमालासाठी विमान हवे, अशी मागणी करताना हे गणित पाहिले जात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली कृषी उडान योजना ईशान्येकडील राज्ये आणि डोंगराळ भागांसाठी उपयुक्त आहे, ती तेथे रस्ते लांबचे आहेत म्हणून.

भारताने २०२४-२५ मध्ये सुमारे ३७ लाख टन माल हवाई मार्गे हाताळला. त्यात दिल्लीचा वाटा सुमारे ११ लाख, मुंबईचा ९ लाखांच्या जवळ आणि बेंगळुरूचा ५ लाख टनांचा. एकट्या हाँगकाँग विमानतळाने २०२४ मध्ये ४९ लाख टन माल हाताळला, म्हणजे सगळ्या भारतापेक्षा जास्त. २०३० पर्यंत १ कोटी टनांचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. आजच्या पातळीवरून ते गाठण्यासाठी वाढीचा आतापर्यंतचा वेग पुरेसा नाही, हे साध्या भागाकाराने कळते.

अडचण कोठे आहे? जगभरात हवाई मालाचा सुमारे निम्मा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून, म्हणजे आसनांखालील कप्प्यांतून जातो. लांब पल्ल्याच्या रुंद विमानात या कप्प्यांत टनावारी माल बसतो. देशांतर्गत मार्गांवरील अरुंद विमानात फार थोडा. लांब पल्ल्याची प्रवासी विमाने दुबई आणि दोह्याच्या कंपन्यांची असली की भारतीय मालही त्यांच्याच पोटातून आणि त्यांच्याच विमानतळावरून पुढे जातो. प्रवाशांची स्पर्धा हरलेला विमानतळ मालाची स्पर्धा आपोआप हरतो, तो असा.

निव्वळ मालवाहू विमाने बाळगणाऱ्या भारतीय कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. ब्ल्यू डार्टची विमाने दीर्घकाळ उडत आहेत; इंडिगोने २०२२ मध्ये या क्षेत्रात पाऊल ठेवले. मालवाहू विमानांबाबत भारताचे धोरण १९९० पासून खुले होते. ही मोकळीक परदेशी कंपन्यांनाच अधिक लाभते, या कारणाने डिसेंबर २०२० मध्ये परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू विमानांना दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा विमानतळांपुरते मर्यादित करण्यात आले. भारतीय कंपन्यांना आधार मिळावा हा हेतू होता. दुसरा परिणाम असा की, नागपूरसारख्या सहाबाहेरच्या विमानतळासाठी परदेशी मालवाहू विमान बोलावणे अवघड झाले.

मुंबईत मालाची कोंडी दुहेरी आहे. स्लॉट कमी असतील तर पहिला मान प्रवासी विमानाला मिळतो, मालवाहू विमानाला रात्री उशिराची किंवा पहाटेची वेळ. शिवाय माल विमानतळापर्यंत आणणारे ट्रक अंधेरी-सहारच्या रस्त्यांवरच अडकतात आणि दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असतात. औषधनिर्यातीसाठी तेथे उभारलेले तापमान-नियंत्रित केंद्र उत्तम असले तरी भिवंडीहून निघालेला ट्रक तेथे पोहोचायला विमानाच्या दुबईपर्यंतच्या प्रवासाइतका वेळ घेऊ शकतो. जवाहरलाल नेहरू बंदर आणि तळोजा, पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या जवळ आहेत. मालवाहतूकदारांना या विमानतळाचे आकर्षण वाटते ते यामुळे.

काही विमानतळांनी एकेक माल आपला मानून त्याभोवती व्यवस्था उभी केली. हैदराबादने औषधांसाठी स्वतंत्र विभाग उभारला, कारण कारखाने शेजारीच होते. बेंगळुरूने फुले, भाजीपाला आणि कोथिंबिरीसारख्या नाशवंत मालात आघाडी घेतली. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तेथून जाणारे गुलाब हा त्या विमानतळाचा वार्षिक उत्सवच असतो. चेन्नईजवळच्या कारखान्यांत जुळवले जाणारे आयफोन मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्कापूर्वी पोहोचवण्यासाठी खास मालवाहू विमानांनी पाठवण्यात आले. रॉयटर्सने दिलेल्या वृत्तानुसार सुमारे ६०० टन फोन अशा रीतीने गेले आणि त्यासाठी चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क तपासणीचा वेळ ३० तासांवरून ६ तासांवर आणण्यात आला. चोवीस तास वाचवता येत होते, तर ते इतर निर्यातदारांसाठी का वाचवले जात नाहीत, हा प्रश्न लहान निर्यातदाराने विचारला तर त्याचे उत्तर देणे सोपे नाही.

हवाई माल कोठे अडकतो याचे आणखी एक उदाहरण आंब्याचे आहे. अमेरिकेने २००७ पासून भारतीय आंब्याला प्रवेश दिला. अट अशी की, फळावर भारतातच विकिरण प्रक्रिया व्हावी आणि अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी. लासलगाव आणि वाशी येथे अशी केंद्रे आहेत. मे २०२५ मध्ये वाशीच्या केंद्रात प्रक्रिया झालेल्या आंब्यांच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे कागदपत्रांतील त्रुटींमुळे नाकारण्यात आल्या. परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होता, त्यामुळे आंबे तेथेच नष्ट करावे लागले. सुमारे ५ लाख डॉलरचे नुकसान निर्यातदारांनी सांगितले. विमान वेळेवर होते, शीतसाखळी अभंग होती, फळही उत्तम होते. चुकला तो कागद.

नागपूरची रात्र

मालवाहतुकीच्या भारतीय इतिहासात नागपूरचे स्थान वेगळे आहे. जानेवारी १९४९ मध्ये टपाल खात्याने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. रफी अहमद किदवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे, मध्यरात्री चारही विमाने नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परते. आज टाकलेले पत्र उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला मिळू लागले. अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडएक्सने १४ विमानांनिशी नेमकी हीच पद्धत १९७३ मध्ये सुरू केली आणि ते शहर पुढे जगातील सर्वात व्यग्र मालविमानतळांपैकी एक झाले. नागपुरातील ही सेवा मात्र सत्तरच्या दशकात थांबली.

देशाच्या भौगोलिक मध्याजवळ असण्याचा लाभ पुन्हा घ्यावा, या विचारातून २००२ च्या सुमारास मिहान प्रकल्प आकाराला आला. विशेष आर्थिक क्षेत्र आणि मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र असे त्याचे चित्र होते. २०१५ मध्ये एअर इंडियासाठी बोइंगने उभारलेले विमान दुरुस्ती केंद्र तेथे सुरू झाले. माहिती तंत्रज्ञान कंपन्याही आल्या. मालाचे केंद्र मात्र आले नाही. विमानतळाच्या खासगीकरणाची बोली जीएमआरने जिंकली होती. मार्च २०२० मध्ये ती रद्द करण्यात आली. कंपनी उच्च न्यायालयात गेली व जिंकली, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला, त्यानंतरची याचिकाही सप्टेंबर २०२४ मध्ये निकाली निघाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये करार झाला. या साडेचार वर्षांत नवी धावपट्टी किंवा नवे मालटर्मिनल उभे राहणे शक्य नव्हते. त्याच काळात बेंगळुरू आणि हैदराबाद आपापल्या मालाभोवती व्यवस्था बांधत होते. मध्यवर्ती स्थान हा गुण खरा, पण मालवाहू विमान दोन्ही दिशांनी भरलेले असावे लागते. विदर्भात उतरणाऱ्या आणि तेथून चढणाऱ्या मालाचे प्रमाण पुरेसे होईपर्यंत पहिली काही वर्षे कोणाला तरी तोटा सोसावा लागेल. तो राज्य सरकारने सोसायचा की चालकाने, हे अद्याप ठरायचे आहे.

जमीन देणारे

विमानतळांच्या या हिशेबात आणखी एक पक्ष आहे आणि बोलीच्या आकड्यांत तो दिसत नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी १० गावे हलवावी लागली, उलवे टेकडी कापण्यात आली आणि नदीचा प्रवाह वळवण्यात आला. भूमिपुत्रांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचा मोबदला मिळाला. तो १९८४ च्या आंदोलनानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मिळवलेल्या साडेबारा टक्के योजनेचा वाढीव अवतार होता. विमानतळाला त्यांचेच नाव द्यावे, ही स्थानिकांची मागणी त्या इतिहासातून येते.

पुण्याचा विमानतळ लोहगाव येथील हवाई दलाच्या तळावर आहे. तेथे नागरी विमानांना मर्यादा आहेत. म्हणून पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ प्रस्तावित आहे. त्यासाठी पारगाव, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी आणि खानवडी या सात गावांची जमीन लागेल. मे २०२५ मध्ये ड्रोनद्वारे मोजणी सुरू होताच ग्रामस्थ आणि पोलिसांत संघर्ष झाला. हा परिसर अंजीर, सीताफळ आणि फुलांच्या शेतीचा. पुरंदरचे अंजीर तोडल्यावर फार दिवस टिकत नाही. विमानाने पाठवायला योग्य अशा महाराष्ट्रातील मोजक्या फळांपैकी ते एक आहे.